अवरक्त प्रकाशातील आमची बाग

छायाचित्रण हा आमचा जुना छंद. बेळगावच्या पावसात कॅमेरा चार महिने कपाटात पडून राहतो. आश्विनात आकाश निवळले की हात शिवशिवू लागतात. गेल्या वर्षी या छंदाला नवेच वेड जडले. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात शाळेच्या बागेची चित्रे घेऊन पाहावी, असे मनाने घेतले.

असा प्रकाश आहे हे विल्यम हर्शेल याने १८०० साली दाखविले. लोलकाने पाडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, त्याने उष्णतामापक ठेवला. तो तेथेही चढला. पुढे १९१० मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने या अवरक्त प्रकाशात टिपलेली निसर्गदृश्ये लोकांपुढे मांडली.

आजच्या कॅमेऱ्याच्या संवेदकाला हा प्रकाश जाणवतो; परंतु चित्राचे रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे तो अडविणारी काच बसविलेली असते. तरी थोडा निसटतोच. (घरच्या टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून कळ दाबावी, पुष्कळ मोबाइलांत त्याच्या टोकाशी ठिणगी चमकताना दिसते.) आम्ही भिंगावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावला. तो दिसायला जवळजवळ काळाच; म्हणून चौकट आधी साधावी लागते, फिल्टर मागाहून. मग भर उन्हातही दहा-पंधरा सेकंद झडप उघडी ठेवायची. तिपाई हलता कामा नये आणि वारा वाहता कामा नये. तिपाईने ऐकले, वाऱ्याने नाही. नारळाच्या झावळ्यांचा नुसता धूर झाला!

पहिले चित्र लालभडक आले. त्यातील रंग काढून टाकले, तशी नववीची मुले टेबलाभोवती दाटली. आकाश काळेभोर, हौदातील पाणी शाईसारखे आणि आंबा, जास्वंद, दूर्वा सारे पांढरेशुभ्र. “सर, पानां धवीं कित्याक जालीं?” एकाने विचारले. घरची बोली कानांवर पडली, आम्हांस बरे वाटले. उत्तर मात्र मराठीत दिले. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषते, अवरक्ताला वाट मोकळी देते. तो पानाच्या आतील पेशी व हवेच्या पोकळ्या यांवर आपटून परत फिरतो. क्रोटनची तांबडी-जांभळी पानेही पांढरीच उमटली होती, तेव्हा हा खेळ रंगाचा नसून पानाच्या बांधणीचा आहे हे मुलांना लगेच पटले.

बागेतल्या जुन्या आंब्याची पूर्वेकडील फांदी वठत चालली होती आणि झाडच तोडावे असे बोलणे सुरू झाले होते. उपग्रह अवरक्त प्रकाशात पिकांची प्रकृती पाहतात, हे मुलांनी वाचले होते. ते खरेच आहे. १९८८ साली सोडलेल्या आपल्या आय.आर.एस.-१ए या उपग्रहावरही तशी सोय होती. तेव्हा आंब्याचे चित्र घ्या आणि झाड वाचवा, असा मुलांनी हट्ट धरला.

चित्र आले. त्या फांदीवर मधोमध पांढराशुभ्र झुबका! मुलांनी टाळ्या पिटल्या. मागे उभी असलेली एक मुलगी, जिच्या घरी आंब्याची बाग आहे, हळूच म्हणाली, “सर, ती पाने आंब्याची नव्हेत.” सारे झाडाखाली गेलो. ते बांडगूळ होते. आंब्याच्या फांदीत मुळे रुतवून तिचे पाणी ओढून घेणारे; पण जिवंत, टवटवीत, म्हणून चित्रात आंब्याइतकेच तेजस्वी. उपग्रह तांबडा आणि अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांची मोजून तुलना करतात. आमच्या चित्रात तसे मोजमाप नव्हते, आणि असते तरी हिरवे पान कोणाच्या जिवावर हिरवे आहे ते त्याने सांगितले नसते. टाळ्या पिटणारी मुले बराच वेळ बोलली नाहीत.

माळीकाकांनी बांडगुळाच्या गाठीखाली हातभर अंतर सोडून फांदी उतरविली. झाड तोडण्याचा विचार पुढच्या पावसाळ्यापर्यंत तहकूब झाला आहे.