रिळाची पारख

जाळे आणि गळ ही दोन्ही मासेमारीचीच साधने; परंतु त्यांचे स्वभाव अगदी भिन्न. जाळे कुटुंबाच्या पोटासाठी पाण्यात पडते आणि जे सापडेल ते ओढून आणते. गळाची गाठ एका वेळी एकाच माशाशी पडते. शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग वारंवार येतात; गळाचा उल्लेख मात्र एकदाच आहे. मंदिराच्या करासाठी नाणे हवे होते, तेव्हा पेत्राला पाण्याकडे धाडले, तो हा प्रसंग. बाकी सर्वत्र जाळीच. येलदरीच्या काठी बसू लागल्यापासून हा भेद आमच्या विशेष ध्यानात आला.

आम्ही मूळचे किनाऱ्याकडचे. खाडीवर गरवायला जाण्याचा नाद लहानपणापासूनचा. नोकरीने परभणीस आणले, तेव्हा तोही सामानाबरोबर आला. समुद्र दूर राहिला, पण पाण्याची अगदीच वाण नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेले येलदरीचे धरण आहे. हीच पूर्णा पुढे पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल येथे बंधारे आहेत. पाऊस रुसला की हे सारे पाणी आटते आणि काठावरचा चिखल भेगाळतो. म्हणूनच येथे पाण्याला आणि त्यातील जिवाला मोल फार.

खाडीवर हातात नुसती दोरी असली तरी भागत असे. धरणाचा काठ पसरट, मासा दूर. येथे काठी व रीळ लागतेच. बहुतेकजण स्पिनिंग रीळ घेतात. त्यात दोरी गुंडाळलेली फिरकी फेकीच्या वेळी स्थिर असते आणि दोरी तिच्या कडेवरून सुटत जाते. शिकायला ते सोपे. बेटकास्टिंग रिळाची तऱ्हा निराळी. ते काठीच्या वरच्या अंगाला बसते आणि फेकीबरोबर त्याची फिरकी स्वतः गरगर फिरते. त्यामुळे नेम अचूक साधतो, जाड दोरी चालते आणि वेतातून मोठा मासा ओढून काढण्याची ताकद मिळते. गवताच्या आडोशाला दबा धरणारा मरळ किंवा डोहातला शिवडा यांच्यासाठी हे रीळ योग्य. कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्याची वाट पाहत बसणाऱ्याने त्याच्या वाटेस जाण्याचे कारण नाही.

या यंत्राचा वंश घड्याळजींचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दंतचक्रांचे असे रीळ घडवले की, मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे व्हावेत. स्वीडनमधील आबू ही कंपनीही १९२१ मध्ये खिशातली घड्याळे करण्यासाठीच निघाली होती. टॅक्सीचे मीटर करता करता ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिळांकडे वळली. दातात दात नीट बसले पाहिजेत, ही घड्याळाची शिस्त रिळात अजूनही दिसते.

निवड करताना आम्ही प्रथम गतीचे प्रमाण पाहिले. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे पाच फेरे होत असतील तर वेग कमी पण ओढ दमदार; सात होत असतील तर दोरी झटपट येते, हाताला मात्र जोर अधिक पडतो. आम्ही सहाच्या आसपासचे मधले प्रमाण पसंत केले. बेअरिंगची संख्या खोक्यावर ठळक छापलेली असते, तिला भुलू नये. थोडी पण चांगली बेअरिंगे पुष्कळशा सुमार बेअरिंगांपेक्षा दीर्घकाळ टिकतात. सांगाडा दाबून पाहावा, तो लवता कामा नये. मूठ सावकाश फिरवावी. खरखर जाणवली तर रीळ परत ठेवावे. दोरी सारखी पसरवणारा पुढचा मार्गदर्शक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता सरकतो की नाही, तेही पाहावे. मूठ डावीकडे हवी की उजवीकडे, हे आधीच ठरवावे. ती मागाहून बदलता येत नाही.

खरी परीक्षा त्यानंतरची, आणि ती कोरड्या जमिनीवर द्यायची. आमिष हवेत मंदावते, पण फिरकी आपल्याच वेगात फिरत राहते; दोरी बाहेर जाण्याऐवजी आतल्या आत उसळते आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. त्याला आवर घालण्यासाठी दोन सोयी असतात. एक बाजूची कळ, जी फिरकीच्या आसावर दाब देते. दुसरा ब्रेक. काही रिळांत वेगाबरोबर बाहेर फेकल्या जाणाऱ्या लहान गुटक्या कडेला घासतात. काहींत लोहचुंबक असतात आणि ते फिरत्या ॲल्युमिनियमला स्पर्श न करताच रोखतात. या दोन्हींवर तिसरा आवर म्हणजे आपला अंगठा.

घराजवळच्या मैदानात आम्ही गळ न लावता पंधरा ग्रॅमचे शिसे बांधले. कळ हळूहळू सैल केली. शिसे संथपणे खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबावी, इतपतच ती सैल ठेवायची. ब्रेक सुरुवातीस पूर्ण लावला, मग रोज थोडा उतरवला. पाठीशी वारा असताना फेकून पाहिले, वाऱ्याच्या तोंडावरही फेकले. समोरच्या वाऱ्यात ब्रेक पुन्हा चढवावा लागतो. मोजक्या अंतरावर घमेले ठेवून नेम धरला. शेवटी दोरीला ताणकाटा अडकवून ओढीची परीक्षा केली. सहा किलोचा भार सोसणाऱ्या दोरीस रिळाने दीड ते दोन किलोच्या ओढीलाच सुटू लागले पाहिजे, आणि तेही हिसका न देता. हे सारे तीन आठवडे चालले. “मासे मैदानात कधीपासून मिळू लागले?” असे घरच्यांनी विचारलेही.

त्याचे उत्तर आम्हांला येलदरीच्या काठावरील एका वृद्ध भोईमामांनी दिले होते. धरणातील मासेमारीचा हक्क शासनाकडून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो; म्हणून रीळ घेण्यापूर्वीच आम्ही परवानगी विचारण्यास गेलो होतो. मामा म्हणाले, “बसा की साहेब, पाणी काय आमच्या एकट्याचं हाय? मासा सुटून गेला तरी चालंल, पर तुटकी दोरी पाण्यात सोडू नका.” त्यांनी होडीतून एक जाळे काढून दाखवले. कोणाच्या तरी रिळाची, आम्ही किनाऱ्यावर जिला तंगूस म्हणतो ती नायलॉनची दोरी, त्यात ठायी ठायी गुरफटली होती. जाळे पाच ठिकाणी कापावे लागले होते. हौशी माणसाचा गुंता तिथेच मागे राहतो आणि त्याची किंमत ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते तो मोजतो. पाणपक्ष्यांच्या पायांनाही तोच फास बसतो. नायलॉन कुजत नाही.

म्हणून वाचकहो, रिळाची पारख ही केवळ आपल्या पैशांची काळजी नव्हे. ताण नीट बसवलेले रीळ दोरी तुटू देत नाही. सरावलेला अंगठा गुंता होऊ देत नाही. दुसऱ्याच्या पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्याने एवढी तयारी घरूनच करून निघावे.

आणि आवर केवळ फिरकीला नको. पावसाळ्यात मरळाची जोडी पिलांच्या लालसर थव्याखाली राखण करीत फिरते. त्या वेळी जवळ पडलेल्या कोणत्याही आमिषावर ती तुटून पडते; भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. त्या दिवसांत सर्वांत सोपा मासा तोच, आणि तो ओढला तर राखणीवाचून सगळा थवा जातो. गेल्या पावसाळ्यात असा थवा काठापासून दहा हातांवर दिसला, तेव्हा आम्ही काठी खाली ठेवली आणि तो वेतात शिरेपर्यंत पाहत राहिलो. मामांची होडीही वल्ही थांबवून उभी होती.