पुढचे कुलूप की मागचे?

वादी-प्रतिवादी दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकण्याची सवय एकदा अंगी मुरली, की मोटारीच्या चाकांचा तंटाही वकील त्याच रीतीने ऐकू लागतो. नल्लकुंट्यात, शंकरमठापासून जवळच असलेल्या आमच्या घरी महिनाभर असाच एक वाद चालला आहे. माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा देगलूर तालुक्यातील वडिलोपार्जित शेतीवर कायमचा राहावयास जाणार आहे. माझी वृद्ध आई तेथेच असते. देवघरातील नंदादीप सोडून शहरात येण्यास ती राजी नाही. सडकेपासून घरापर्यंतची वाट काळ्या मातीची, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात अपरात्री तिला दवाखान्यात न्यावे लागले तर? म्हणून चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावयाची, एवढे ठरले. पेच उरला तो कुलपाचा.

डिफरन्शियल ही मोठी समंजस योजना आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अंतर अधिक कापावे लागते, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीने फिरू देऊन ती जोर मात्र सारखाच वाटते. परंतु हीच समता चिखलात घात करते. एक चाक निसटून गरगरू लागले, की ते फिरण्यास नाममात्र जोर पुरतो, आणि घट्ट भूमीवरच्या त्याच्या जोडीदारालाही तेवढाच मिळतो. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात, आणि ज्याचा पाय टेकला आहे तो भार ओढू लागतो.

“काका, दोन्हीकडे लॉक असलेलीच घेऊ,” हे पुतण्याचे म्हणणे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढचे व मागचे अशी दोन्ही आहेत. महिंद्रांनी २०२० साली आणलेल्या थारच्या काही प्रकारांत केवळ मागचे.

मागच्याची बाजू बळकट आहे. चढणीवर गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे पकड तेथेच अधिक. शिवाय सुकाणू मोकळे राहते. पुढचे लावले की सुकाणू जड होते, गाडी वळण्यास नाखूश असते, आणि वळलेल्या चाकांच्या सांध्यांवर ताण येतो. मात्र पुढची चाके दगडाच्या पायरीवर अडली, किंवा उलट्या गतीने चढण चढावयाची झाली, तर त्याचेच साहाय्य होते. कलत्या उतारावर मात्र मागच्या लॉकपासूनही सावध असावे: बांधलेली दोन्ही चाके एकदम निसटली, की गाडीचा मागचा भाग खाली घसरतो. कोरड्या डांबरी सडकेवर तर कोणतेही कुलूप लावू नये.

आणि आमच्या वाटेवरची भिजलेली रेगड? ती टायरांच्या खाचा भरून टाकते. लॉक पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड उपयोगात आणतो, इतकेच.

म्हणून माझा निर्णय असा: आपल्या वाटेवर खडक नाहीत, तेव्हा मागचे एक पुरे. उरलेल्या पैशांतून चिखलाचे टायर घ्यावेत आणि ओढ्याच्या उतारावर मुरूम टाकून घ्यावा. पुतण्या हसून म्हणाला, “काका, निकाल मान्य, पण ओढ्याला पूर आला तर?” त्यावर कोणतेच यंत्र उत्तर देत नाही. ज्येष्ठ संपण्यापूर्वी मी देगलूरला जाणार आहे. श्रावणापर्यंत तरी नंदादीपासह इकडे चल, असे आईला विनविण्यासाठी.