सिहोऱ्याची मुले समुद्रावर निघाली

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तोच मध्यमवर्गीय घरात नाताळच्या सुटीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर झालेले असते, माथेरान झालेले असते, अष्टविनायक तर आजीबरोबर दोनदा झालेले असतात. मग कोणीतरी जहाजाच्या सफरीची रंगीत जाहिरात पुढे करतो. पांढरेशुभ्र जहाज, निळे पाणी आणि कठड्याशी उभे असलेले हसरे चौकोनी कुटुंब! त्या चित्रातली मुले कधी रडत नाहीत, त्यांना बोट लागत नाही, आणि भर जेवणात ‘आई, शू’ असेही ती म्हणत नाहीत. आपल्या घरची मुले घेऊन निघायचे तर बेत निराळा करावा लागतो. तो कसा करावा याचा खल यंदा आम्ही जिथे केला, ते गाव मुंबईच्या धक्क्यापासून रेल्वेने नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

ते गाव म्हणजे सिहोरा. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले. माझ्या थोरल्या बहिणीचे सासर तिथले. या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव गावोगाव आहेत, धानाच्या बांध्यांत पाणी आहे, एका अंगाला बावनथडी आणि तिला पोटात घेणारी वैनगंगा आहे. सिहोऱ्याजवळच चांदपूरचा तलाव आणि टेकडीवरचे मारुतीचे देऊळ आहे. पण इथले पाणी कामाचे. त्यावर धान पिकतो, ढिवर त्यात जाळे टाकतात, शिंगाडे लावतात. करमणुकीसाठी पाण्यावर जायचे आणि वर पैसे मोजायचे, ही कल्पनाच इथे नवी.

म्हणून भाऊजींनी मुंबई ते गोवा जहाजाची गोष्ट काढली, तेव्हा त्यांच्या आई सुपातले तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

“पोरायले कायले नेतेस रे समुद्रात? आपला चांदपूरचा तलाव का कमी हाये?”

भाऊजी हसले, पण ताई हसली नाही. तिचा थोरला सात वर्षांचा आणि धाकटी साडेतीन वर्षांची. सासूबाईंची भीती तिच्याही मनात होतीच. बोलून दाखवली ती सासूबाईंनी, एवढेच.

मला वाटते, अशा भीतीला अडाणीपणा म्हणून बाजूला सारू नये. पाण्याची भीती अनुभवातून आलेली असते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण पुढच्या पिढ्यांनीही जपली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. तेव्हा घाबरणाऱ्या आजीला गप्प करण्याऐवजी तिलाच बेताच्या बैठकीत बसवावे. आम्ही तेच केले, आणि बेत सुधारला.

पहिला प्रश्न, जावे केव्हा? दिवाळीची सुटी हातात असते, म्हणून मन तिकडे धावते. पण अरबी समुद्रात वादळे उठण्याचे दिवस दोन: पावसाळ्याच्या तोंडाशी मे-जून आणि पावसाळा सरताना ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०१९ साली ऐन दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळ अरबी समुद्रात घोंघावत होते. त्यामानाने डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र शांत. सिहोऱ्याला हे गणित लगेच पटले. कारण धान कापून, चुरून घरात येईपर्यंत शेतकऱ्याला उंबरठा ओलांडता येत नाहीच. नाताळची सुटी ठरली.

दुसरा प्रश्न, किती दिवस? पहिल्या खेपेला दोन रात्री पुरेत. मुंबई-गोवा बोटीचे आपल्याला जुने अप्रूप. एके काळी कोकणचा चाकरमानी ट्रंक-वळकटी घेऊन आगबोटीने गावी जाई, बंदराला धक्का नसला तर भर पाण्यात पडावात उतरे. ती वाहतूक थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तोवर बोटीचा प्रवास आठवणीत जमा झाला होता. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट याच मार्गावर थोडे हंगाम चालली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून सफरी करू लागले. अकरा मजल्यांचे हे जहाज १९९० साली बांधलेले. म्हणजे चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांऐवजी एक अख्खे गावच पाण्यावर! अशा गावात लहान मूल हरवायला किती वेळ लागेल, हे आईला सांगायला नको. खोलीचा क्रमांक आणि फोन लिहिलेली चिठ्ठी मुलांच्या खिशात हवी, आणि ‘हरवलास तर गणवेशातल्या माणसाकडे जा’ हे घरीच दहा वेळा घोकून घ्यायला हवे.

खोली निवडताना जाहिरातीतल्या सज्जाला भुलू नये. जहाज डोलते ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली त्यामानाने स्थिर आणि बहुधा स्वस्तही. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. लागते ती त्यापुढच्या, साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना. तेव्हा पोट तुडुंब भरू नये, अगदी रिकामेही ठेवू नये; मळमळले तर उघड्यावर आणून दूरच्या क्षितिजाकडे पाहायला लावावे. औषध द्यायचे तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून. सहा महिन्यांखालचे बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गरोदर बाई यांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. लंगोटातल्या मुलांना जहाजावरच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत, तेव्हा ‘तिथे पोहायचे हं’ असे वचन आधीच देऊन बसू नये. आणि जाहिरातीतल्या आकड्यावर बंदराचे शुल्क, कर, सेवेची रक्कम चढतात. बेरीज करून मगच ‘हो’ म्हणावे.

आजींचा प्रश्न मात्र एकच होता. “बुडायची पाळी आली, तर लेकरायच्या अंगात काय घालतीन?”

सगळ्या माहितीपत्रकांत हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता! उत्तर शोधले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच कराराच्या आजच्या रूपात जहाजावरच्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे तरंगते जाकीट असलेच पाहिजे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा कोंकोर्डिया’ कलंडले, बत्तीस माणसे गेली. त्यानंतर नियम झाला की लांबच्या सफरीवर नव्या प्रवाशांची संकटाची तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच झाली पाहिजे. धोक्याचा इशारा ठरलेला: सात आखूड भोंगे आणि एक लांब. हा इशारा ताईच्या थोरल्याने इतका मनावर घेतला, की दोन दिवस सिहोऱ्याच्या अंगणात दर तासाला जहाज बुडत होते आणि धाकटी उशी पोटाला बांधून धावत होती. एरवी ‘मुलांनो, लक्ष द्या’ म्हणून हे साधले नसते.

आता ठरलेला बेत सांगतो. तुमसर रोड स्थानकावर विदर्भ एक्स्प्रेस पकडायची; ती दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचवते. पण त्याच दिवशी जहाज गाठायचे नाही. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभर गाडीत अवघडलेली मुले जहाजावर चढवणे म्हणजे किरकिरीला आमंत्रण. एक दिवस आधी जायचे आणि तो दिवस चाचणीचा: गेटवेहून घारापुरी, सुमारे तासाभराची लाँच. फक्त सोमवार नको, त्या दिवशी लेणी बंद असतात. ज्यांना मोठी, स्थिर बोट हवी त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मोटारीही वाहून नेणारी बोट आहे. ती २०२० मध्ये सुरू झाली. लाँचमध्ये जाकीट सुरुवातीलाच अंगात चढवायचे, आणि ते मुलाच्या मापाचे नसेल तर त्या लाँचने जायचे नाही. ही अट आजींची. बंद आवळून पाहण्याचे कामही त्यांनीच मागून घेतले आहे! लाँचपर्यंत त्या येणार. जहाजावर मात्र नाही. ते दोन दिवस त्या मुंबईला आपल्या धाकट्या दिरांकडे राहणार आहेत.

आणि चाचणीत मुले घाबरली तर? ताईने हा प्रश्न विचारला तेव्हा भाऊजींनी तिकिटाच्या पैशांचा हिशेब सुरू केला. निघायच्या आदल्या दिवशी बेत रद्द केला तर फारसे काही परत मिळत नाही, हे खरेच. शेवटी पैसे भरण्याआधीच दोघांनी ठरवून टाकले, की धाकटी रडून आकांत करू लागली तर ते पैसे गेले असे समजायचे, मुलांना राणीच्या बागेत न्यायचे आणि सिहोऱ्याला परतायचे. गेलेले पैसे पुढच्या हंगामात धान देईल. साडेतीन वर्षांच्या मनात बसलेली पाण्याची धास्ती काढायला मात्र कित्येक हंगाम लागतील.

वाचकहो, आपण पुण्या-मुंबईत, नागपुरात राहत असाल, तर आपला रस्ता याहून सोपा असेल. पण पैसे भरण्याआधी एवढे जरूर ठरवा: कोणत्या क्षणी माघार घ्यायची, आणि तो क्षण आला तर एकमेकांना बोल लावायचा नाही. बाकी सामानात आल्याच्या वड्या, मुलांचे एक जादा स्वेटर आणि घरचा चिवडा असू द्या. जहाजावर खायला पुष्कळ मिळते. पण रात्री अकरा वाजता भूक लागलेल्या मुलाला चिवडाच आठवतो.