आजीचा नवा पैसा

‘फिफ्टीजवर काहीतरी दे. मस्त नॉस्टॅल्जिक. रेडिओ, रेशन, कोळशाची शेगडी... तसलं!’

ब्रीफ देताना एडिटरने एक जाडजूड फोटोबुक पुढ्यात सरकवलं. युद्धानंतरचं इंग्लंड. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, दाराशी दुधाच्या बाटल्या, उंबरठा घासणाऱ्या बायका. खरं तर त्यांचं रेशनिंग संपायला १९५४ उजाडलं, पण फोटोत सगळे कसे खुशीत! मी मनात म्हटलं, आपल्याकडे याच्या तोडीस तोड मटेरियल आहे. आजी!

तर मंडळी, शनिवारी सकाळी मी नागपूरहून भंडाऱ्याची एसटी पकडली. तिथून पुढे आमचं दिघोरी, म्हणजे लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी मोठी. (नागपुरातही एक दिघोरी आहे, तिथे उतरू नका.) चहूकडे धानाच्या बांध्या आणि फोनला कधी रेंज, कधी नाही. मीही रेकॉर्डर चार्ज करून, प्रश्न वगैरे काढून गेले होते. मास कॉमला शिकवलेलं असतं ना, आधी सोपे प्रश्न विचारा, म्हणजे माणूस खुलतो.

‘आजी, तेव्हा रेडिओवर काय ऐकायचीस गं?’

‘रेडिओ? कोनाच्या घरी?’

गेला पहिला प्रश्न. दुसरा शेगडीचा होता, तो मी आपणहूनच खोडला.

आजीला जन्मतारीख माहीत नाही. पंच्याऐंशीच्या आसपास असेल. लग्नाचं साल मात्र पक्कं: ‘नवे पैसे आले ते साल.’ म्हणजे १९५७. त्या वर्षी १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै होत्या. इंग्लंडातल्या त्या फोटोतल्या बायकांवर हीच वेळ १५ फेब्रुवारी १९७१ ला आली, आपल्यानंतर चौदा वर्षांनी. बाय द वे, राज्यही त्याच सुमारास बदलत होतं. नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. चार वर्षांच्या आत तीन राज्यं, आणि गाव जागच्या जागी. आजीला यातलं काही आठवत नाही. तिला नवा पैसा आठवतो.

कारण ती बिड्या वळायची. भंडारा-गोंदिया पट्टा बिडीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापाने कात्रीने कापायची. मांडीवर सूप. चिमूटभर तंबाखू, पानाला पीळ, दोऱ्याचा वेढा, तोंड दुमडलं की झाली बिडी. सांगताना तिची बोटं आपोआप हलत होती. मी रेकॉर्डर बंद करून नुसती बघत बसले. अंगठ्याजवळ दोऱ्याने पडलेला घट्टा अजून आहे. हाताला तंबाखूचा वास इतका की भात कालवताना मळमळायचं. पाठ गेली ती तिथेच. खोकला आहेच.

तरी आठवणी कुठल्या निघाल्या? दुपारी चार बायका एका पडवीत बसायच्या, त्या वेळच्या. पुरुष बांधीवर, सासवा झोपलेल्या. ‘हाशी यायची ना बाप्पा, कायच्याबी गोष्टीची!’ एवढं बोलून आजी स्वतःशीच हसली. ती कायच्याबी गोष्ट काही तिने मला सांगितली नाही.

आणि मग आला हिशेब. नव्या नवरीला घरकाम आटोपून जेवढ्या जमतील तेवढ्या बिड्यांचे दिवसाला सहा आणे मिळायचे. मुनीम संध्याकाळी मोजून रोख द्यायचा. आता सहा आण्यांचे नवे पैसे होतात साडेसदतीस. अर्धा पैसा नाण्यात नाहीच. नियम असा होता की अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. म्हणजे हातात सदतीस. रोज अर्धा पैसा गुल! शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला हे आठवड्याभरात कळलं. तिने मुनिमाला सांगितलं, मी पैसे दिवसाआड घेईन. बारा आणे. बरोबर पंचाहत्तर.

मी म्हटलं, ‘वा आजी! एमबीए आहेस तू.’

‘आईक तं पुढं. घरी मी चौऱ्याहत्तर देत होतो.’

दोन सेकंद मला काही सुचलंच नाही. सासूला सदतीस अधिक सदतीस माहीत. मधला एक पैसा आजीचा! तो कणगीमागच्या भिंतीच्या भोकात. दोन दिवसांना एक. मुनिमाने बिड्या छाटल्या की त्यांचे पैसे कापले जायचे, बिड्याही परत मिळायच्या नाहीत. त्या दिवशी आजीचा पैसाही नाही. विडी कामगारांसाठीचा कायदा आला तो १९६६ मध्ये. वर्षाला साधारण सव्वा-दीड रुपया साठला असेल. त्याचं काय केलंस, विचारलं.

‘माहेरी गेलो. कोनाले नाई मांगलं गाडीभाडं.’

आई ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. मोबाइलवरून, स्पीकरवर. ती एकदम गप्प. मग म्हणाली, ‘बाबांना माहीत होतं?’ आजीने ऐकू न आल्याचं नाटक केलं. तिला सगळं ऐकू येतं.

रात्री आजीने माझी चौकशी केली. नोकरी सोडली, हे तिला कळलंच होतं. ‘मंग पैसे कसे देतेत?’

‘शब्दावर. हजार शब्दांचे इतके.’

‘हजारी, म्हंजे बिडीवानीच. छाट काढतेत?’

काढतात, आजी. मागच्या महिन्यात एक अख्खा लेख ‘अँगल जमत नाही’ म्हणून गेला, त्याचा एक रुपया नाही. आणखी दोन ठिकाणी तीन-तीन महिन्यांची बिलं अडकलीत. फॉलोअपचे मेल मी इतक्या नम्रपणे लिहिते की माझा मलाच राग येतो. आणि आईचं पालुपद ठरलेलं, ‘कुठेतरी पर्मनंट बघ.’ हे सगळं आजीला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून एकच विचारलं, ‘पैसे येते कोनाच्या हातात?’

‘माझ्याच अकाउंटला.’

‘हं,’ म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

रविवारी परतताना भंडाऱ्याच्या स्टँडवर रेंज आली आणि मेसेज टुणकन वाजला. अडकलेल्यांपैकी एक बिल जमा! तेवढ्यात आईचा फोन.

‘आले का गं काही पैसे?’

‘आले.’

‘किती?’

मी आकडा सांगितला. पाचशे रुपये कमी करून.