नाताळचें ताट

शेजाऱ्याचें ताट रिकामें परत धाडूं नये, हा आमच्या घरचा दंडक होता. इतर दंडक काळाच्या ओघांत एकामागून एक गळाले. हा मात्र टिकला, आणि त्याच्याच पायीं एक टोचणी आम्हांला आजवर लागून राहिली आहे.

आमचें बालपण गिरगांवांत गेलें. भिंतीला भिंत लागून गोव्याचें एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. दिवाळींत आमचें फराळाचें ताट तिकडे जाई, आणि नाताळच्या सकाळीं जाळीदार रुमालानें झांकलेलें त्यांचें ताट आमच्याकडे येई. गोव्यांत अशा ताटाला ‘कोंसुआद’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, आपला घरगुती ‘नाताळ’हि त्याच भाषेंतून आलेला. परंतु ताटांतले पदार्थ पाहिले म्हणजे शब्दांचें हें परकेपण नाहींसें होई. नेवरी ही आमच्या करंजीची सख्खी बहीण. सारण खोबऱ्याचें, मुरडहि तीच. दोदोल म्हणजे तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून हात दुखेपर्यंत घोटलेला हलवा. कुलकुल तर शंकरपाळ्यांच्याच घराण्यांतले : पिठाची गोळी नव्या कोऱ्या फणीवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळावयाची, आणि तळून साखरेंत घोळवावयाची. बिबिंका मात्र निराळी; अंड्यांचा बलक आणि नारळाचें दूध यांचा एक थर, वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजावयाचा, आणि तो भाजल्यावरच पुढचा ओतावयाचा; असे कोठें सात, कोठें सोळा थर. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन आलें आणि १८१२ सालीं तें कायमचें उठलें. पूजाअर्चेवर आणि चालीरीतींवर त्यानें पहारे बसविले. परंतु करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांपर्यंत त्याचा हात पोंचला नाहीं.

आम्हां मुलांना त्या ताटाचें कोण अप्रूप! आई तें हसतमुखानें घेई, “कशाला एवढी तसदी घेतलीत?” म्हणे, आणि शेजारच्या मावशींची पाठ वळतांच सगळें ताट भांडीं घासणाऱ्या बाईच्या पदरांत रितें करी. केकमध्यें अंडें, केकच्या शेजारीं नेवरी, तेव्हां सगळेंच विटाळलेलें, हा तिचा हिशेब. मग ताट घासून, संक्रांत जवळ आलेली म्हणून त्यांत तिळाच्या वड्या ठेवून, आम्ही तें परत नेऊन देत असूं. “आवडलं ना रे?” असें मावशी विचारीत, आणि आम्ही “फार आवडलं” म्हणून सांगत असूं. ज्या पदार्थांची चव आम्हांला ठाऊक नव्हती, त्यांची आम्हीं सलग सहा वर्षें स्तुति केली.

१९६८ सालच्या भाद्रपदांत वडील गेले. त्या दिवाळींत आमच्या घरीं कढई चढणार नव्हती. नरकचतुर्दशीच्या सकाळीं दारावर थाप पडली. पाहतों तों मावशी, हातांत ताट. करंज्या, चकल्या, बेसनाचे लाडू. उंबऱ्याच्या आंत पाऊल न टाकतां त्या आईला म्हणाल्या, “वहिनी, नवीं भांडीं आणून केलंय. चार दिवस घरांत अंडं आणलं नाहीं. सणाला पोरांचं तोंड कोरडं राहूं नये.”

आईचा चेहरा उतरला. म्हणजे आमच्या घरीं आलेल्या ताटाचें काय होतें, हें मावशींना इतकीं वर्षें ठाऊक होतें! तरी दर नाताळला ताट येत राहिलेंच होतें. आणि आम्हांला खोटें बोलणें सोपें जावें, म्हणूनच कदाचित् त्या हंसून विचारीत असाव्यात. आईनें एक करंजी मोडली, आम्हां भावंडांना दिली, आणि उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडांत टाकला.

त्या वर्षीं नाताळचें ताट आमच्या घरींच संपलें. केक मात्र आईनें जन्मांत कधीं खाल्ला नाहीं. तो ती स्वतःच्या हातानें आमच्या पानांत वाढी. याहून अधिक आम्हीं तिच्याकडून कधीं मागितलें नाहीं. परधर्माविषयींच्या औदार्याचीं व्याख्यानें आम्हीं पुढें पुष्कळ ऐकलीं. दुसऱ्याचें अन्न गोड मानून खाणें, एवढ्यावर तीं बहुधा थांबतात. आपलें अन्न टाकलें जातें हें जाणूनहि पुढल्या वर्षीं ताट पुन्हा भरणें, ही त्यापुढची पायरी. ती आम्हीं एकाच घरीं पाहिली.

तें कुटुंब पुढें गोव्याला परतलें. त्यांचें निळ्या कांठाचें एक ताट आमच्याकडे राहून गेलें. भरून पाठवूं, स्वतःच घेऊन जाऊं, असें म्हणतां म्हणतां वर्षें लोटलीं. आणि १९९१ सालीं मावशी गेल्याचें पत्र आलें. आतां दर दिवाळींत तें ताट भरून वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती बिऱ्हाडीं जातें, आणि नाताळला भरून परत येतें. पहिली नेवरी खातांना “फार आवडलं” हे शब्द ओठांवर येतात. आज ते खरे आहेत. परंतु ते ज्यांना सांगावयाचे, त्यांचें ताट मात्र आमच्याकडेच राहिलें.