दट्ट्याची कॉफी



आपल्या लोकांत कॉफी म्हटली की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी कॉफी येते. मुंबईत वाढलेल्यांना जायफळ घातलेली, भरपूर दुधाची कॉफी आठवते. त्या काळी पोलसनची ‘फ्रेंच कॉफी’ मिळायची, म्हणजे चिकोरी मिसळलेली पूड. फ्रान्सशी तिचा संबंध नावापुरताच. इस्रायलमध्ये आल्यावर सगळे ‘बोत्स’ शिकले. ग्लासात पूड टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. बोत्स म्हणजे चिखल, नाव अगदी खरं आहे! आमच्या घरी मात्र चाळीसेक वर्षं दट्ट्याची कॉफी होते, आणि ती आम्ही ओमानमध्ये शिकलो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, एक नर्स आणि एक हिशेबनीस. 1981 साली भारतीय पासपोर्टवर मस्कतला नोकरीला गेलो आणि 1993 पर्यंत तिथे राहिलो. सुलतान काबूस 1970 साली गादीवर आले होते आणि देशात रस्ते, शाळा, दवाखाने भराभर उभे राहत होते. आपली माणसं तिथे परकी वाटत नसत. कच्छचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मस्कत-मत्राहला राहिलेले. 1970 पूर्वी तिथे रुपयाच चालायचा. मुलांनो, आजही ओमानच्या एका रियालमध्ये हजार ‘बैसा’ असतात. बैसा म्हणजे आपला पैसाच, बरं का!

ओमानी घरात गेलं की आधी कहवा येतो. भाजलेली कॉफी कुटून पाण्यात उकळायची, वेलची घालायची, कोणी केशर घालतं, कोणी लवंग, कोणी गुलाबपाणी. दूध नाही, साखर नाही. गोडाला खजूर. लांब चोचीची किटली असते, तिला दल्ला म्हणतात. ती डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताने फिंजान, म्हणजे बिनकानाचा इवलासा पेला, पाहुण्याला द्यायचा. पेला काठोकाठ भरत नाहीत, तळाशी थोडीच ओततात. आपण पेला पुढे केला की पुन्हा ओततात. पुरे झालं की पेला हातात थोडासा हलवायचा, तोंडाने बोलायची गरज नाही. या अरबी कॉफीच्या पाहुणचाराची युनेस्कोने 2015 साली दखल घेतली आणि ओमान, सौदी अरेबिया, अमिराती व कतार या चार देशांच्या नावे तिची नोंद केली. कहव्याबरोबर ओमानी हलवाही देतात. स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची घालून मोठ्या भांड्यात तासन्‌तास घोटतात. तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आम्हाला रोश हशानाचा आपला गव्हाच्या चिकाचा हलवाच आठवला. आपल्यात तुपाऐवजी नारळाचं दूध असतं, पण घोटणाऱ्याचे हात दोन्हीकडे सारखेच दुखतात.

आता दट्ट्याची गोष्ट. इंग्लंडहून आलेल्या एका सिस्टरकडे काचेचं उभं भांडं होतं. झाकणातून दांडी खाली गेलेली, तिच्या टोकाला बारीक जाळीची चकती. 1986 साली ती मायदेशी परतली तेव्हा भांडं आम्हाला देऊन गेली. इंजेक्शनच्या सिरिंजला असतो तसाच हा दट्ट्या, म्हणून आमच्या घरी तेच नाव पडलं. लोक याला फ्रेंच प्रेस म्हणतात. 1852 साली पॅरिसच्या दोघांनी अशा भांड्याचं पेटंट घेतलं होतं हे खरं, पण आजच्यासारख्या भांड्याचं पेटंट 1929 साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता या दोन इटालियनांनी घेतलं. म्हणजे नाव फ्रेंच, पण निम्मी कर्तबगारी इटालियन!

करायची रीत सोपी आहे. अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम पूड, म्हणजे पाच-सहा सपाट मोठे चमचे. पूड जाड्या रव्यासारखी हवी. मैद्यासारखी बारीक असली तर जाळीतून कपात येते आणि दट्ट्याही अडतो. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यावं. पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबावं, मग पुडीवर ओतून लाकडी चमच्याने एकदा ढवळावं. झाकण ठेवून चार मिनिटं थांबावं. मग दट्ट्या सावकाश खाली न्यावा. कॉफी लगेच सगळी ओतून घ्यावी, उरली तर थर्मासमध्ये. भांड्यात पुडीवर राहिली की कडू होते. गाळ मोरीत टाकू नये, पाइप तुंबतो. झाडाच्या मातीत मिसळावा.

पाण्याचंही सांगतो. मस्कतला घुब्राच्या कारखान्यात समुद्राचं पाणी गोडं करायला 1976 साली सुरुवात झाली. आमच्या नळाला तेच पाणी यायचं. नुसतं क्षार काढलेलं पाणी कॉफीला बरं नव्हे. थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं तरच पुडीतला स्वाद नीट उतरतो. म्हणून, आणि पाइप गंजू नयेत म्हणूनही, असल्या पाण्यात क्षार पुन्हा थोडे मिसळतात. इथेही 2005 साली अश्कलोनचा कारखाना सुरू झाल्यापासून आपण समुद्राचंच पाणी पितो म्हणायला हरकत नाही. 1996 साली मस्कतमध्ये या विषयाचं संशोधन केंद्र निघालं, तेव्हा ओमान आणि इस्रायल दोघेही त्यात होते. तहान सगळ्यांना सारखीच लागते.

रात्रपाळी सकाळी सातला संपायची. एकाची ऑफिसला निघायची वेळ, दुसरीची झोपायची. दोघांना मिळून जेमतेम अर्धा तास मिळे. त्यातली चार मिनिटं कॉफी मुरायची. त्या चार मिनिटांत आम्ही घरखर्च ठरवला, मुलांच्या शाळा ठरवल्या, इकडे यायचंही ठरवलं. म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या हिशेबनिसाच्या हृदयात स्टेंट बसला आणि कोलेस्टेरॉल कमी करा असा हुकूम झाला, तेव्हा आम्हाला त्या भांड्याचीही काळजी पडली.

कारण असं आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. 1983 साली नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आढळलं. तिकडे पूड उकळून न गाळता पीत. पुढे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यामागचं कारण शोधलं. कागदी गाळणीत हे तेल अडकतं, धातूच्या जाळीतून खाली उतरतं. म्हणजे दट्ट्याची कॉफी, बोत्स आणि कहवा, तिघींची गत एकच.

यावर बरीच बोलाचाली झाली. एक म्हणे, “चाळीस वर्षं पितोय, आता काय?” दुसरी म्हणे, “चाळीस वर्षं पितोय, म्हणूनच!” शेवटी तोड निघाली. कॉफी दट्ट्याच्या भांड्यातच मुरवायची, दट्ट्याही दाबायचा, पण कपात ओतताना कागदी गाळणीतून ओतायची. पहिल्या दिवशी, “हे तर कढण झालं!” असा शेरा मिळाला. आठवड्याभरात जीभ रुळली. सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल उतरलं. पण गोळ्याही चालू होत्या, चालणंही वाढवलं होतं, तेव्हा श्रेय एकट्या कागदाला देत नाही. मात्र चार मिनिटं वाचली.

आता नर्सचे चार शब्द. ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे त्यांनी गाळणीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं, आणि कॉफी बदलली म्हणून गोळी बंद करू नये. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नये, निदान अर्धा ते एक तास मध्ये जाऊ द्यावा. लोहाची गोळीही कॉफीबरोबर नको. झोप लागत नसेल तर दुपारनंतर कॉफी नको, तिचा निम्मा अंमल पाच-सहा तास राहतो.

आणि भाजण्याची भीती. दट्ट्या अडला तर जोर लावू नका. जरा वर ओढून पुन्हा सावकाश दाबा, नाहीतर उकळतं पाणी उसळून अंगावर येतं. भांडं सपाट ओट्यावरच ठेवा. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी काचेऐवजी स्टीलचं घ्यावं. वॉर्डात चहा-कॉफीने भाजलेली पोरं आम्ही पुष्कळ पाहिली. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावं. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर मुळीच नको.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी कॉफी नाही, पण काम आहे. आजी-आजोबांनी पाणी ओतलं की ओट्यापासून लांब बसून घड्याळ धरायचं आणि बरोब्बर चार मिनिटांनी ओरडायचं. तोवर त्यांना एखादी जुनी गोष्ट विचारा. चार मिनिटांत मावेल अशी त्यांच्याकडे एक तरी असतेच.