दिव्याखालची नोट

माझ्या टेबलावर काळपट कांचेचा एक लहानसा दिवा आहे. तो लावला तरी खोलींत उजेड असा पडत नाहीं. जांभळट आभास तेवढा दिसतो. घरीं आलेल्या पाहुण्यांना त्याखालीं आपल्या खिशांतली नोट धरावयास लावणें हा माझा जुना छंद. नोटेचा कागद काळोखांत बुडून जातो, आणि क्रमांकाचे आंकडे, आंतला धागा व इकडे तिकडे विखुरलेले तंतू काजव्यासारखे उजळतात. पाहुणे थक्क होतात, आणि आपण फार विद्वान् आहों असें मला घटकाभर वाटतें. हाच छंद मला एकदां चांगला नडला.

परंतु आधीं माझ्या उद्योगाविषयीं सांगितलें पाहिजे. गेलीं कांहीं वर्षें मी आणि माझा एक विद्यार्थी पदवीच्या प्रमाणपत्रांवर छापण्याजोगी शाई तयार करण्याच्या खटपटींत आहों. ही शाई दिवसां दिसूं नये, अतिनील किरणांखालीं मात्र चमकावी. आणि छापल्यावर तिच्या वाळण्याची वाट पाहत बसावें लागूं नये, त्याच जातीच्या किरणांच्या एका झोतासरशी तिनें घट्ट व्हावें, अशी अपेक्षा. नेहमीची शाई कागदांत मुरून किंवा हवेंतला प्राणवायू घेऊन सुकते. हिचें तसें नाहीं. हिच्यांत ॲक्रिलेट जातीचे लहान लहान रेणू असतात आणि त्यांच्या सोबतीला, किरण लागतांच फुटणारा असा एक प्रारंभक. तो फुटला कीं रेणू एकमेकांचे हात धरीत सुटतात, आणि क्षणार्धांत पातळ शाईचा कठीण पापुद्रा होतो.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण चमकणारें द्रव्य आणि प्रारंभक हे एका ताटावर बसलेले दोन भुकेले भाऊ! द्रव्य वाढवावें तर तें सगळे किरण वरच्यावर खाऊन टाकतें आणि तळची शाई बोटाला चिकटते. प्रारंभक वाढवावा तर त्याचे अवशेष मागें राहून न दिसणारी शाई पिवळी दिसूं लागते. द्रव्य फारच घातलें तर त्याचे रेणू एकमेकांचाच प्रकाश गिळतात, आणि अधिक घालून कमी चमकतें. अखेर दोघां भावांचीं ताटें वेगळीं मांडावीं लागलीं. ३९५ नॅनोमीटरच्या किरणांनीं फुटणारा, फॉस्फिन ऑक्साइड जातीचा प्रारंभक आम्हीं घेतला, आणि द्रव्य असें निवडलें कीं तें ३६५ला जागें व्हावें. तें निळें चमकत असे. विद्यार्थी म्हणे, ‘सर, तांबडें घेऊं.’ मी म्हणें, ‘निळें स्वस्त आहे.’ स्टोक्सनें १८५२ मध्यें क्विनीनच्या निवळ पाण्यावर डोळ्यांना न दिसणारे किरण पाडले, तेव्हां तेंहि निळेंच उजळलें होतें, असा एक ऐतिहासिक मुद्दाहि मी वर जोडीत असें.

एवढें ज्ञान डोक्यांत वागवणाऱ्या माझ्याकडे मागल्या पावसाळ्यांत एके सकाळीं, आमच्या घरीं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पांचशेंची नोट घेऊन आल्या.

“सर, ही वहिनींनीं पगारांत दिलेली. वाणी घेईना. दिव्याखालीं धरली अन् खोटी म्हणाला.”

मीं मोठ्या उत्साहानें दिवा लावला. नोट सगळीच्या सगळी फिकट निळी उजळली! आंकडे त्या उजेडांत पार बुडून गेले. बाजारांतल्या साध्या कागदांत शुभ्रतेसाठीं घातलेलीं द्रव्यें अशींच चमकतात. नोटेच्या कागदांत तीं मुद्दाम टाळलेलीं असतात. म्हणजे पुरावा चोख होता. मीं निकाल दिला, “मावशी, नोट खोटी आहे. आमच्याकडची नसेल. बाहेर कुठें बदलली गेली का, आठवून पाहा.”

“बदलली?” एवढेंच त्या म्हणाल्या. नोट टेबलावर ठेवून त्या मोरीकडे गेल्या. त्या दिवशीं भांड्यांचा आवाज असा आलाच नाहीं.

संध्याकाळीं हा प्रकार मीं घरांत सांगितला. आमच्या सौभाग्यवतींनीं ती नोट हातांत घेतली आणि म्हणाल्या, “अहो, ही तर तुमच्या कुडत्याच्या खिशांत धुतली गेलेली! मावशींनींच ती दोरीवर चिमटा लावून वाळवली आणि मला आणून दिली. तीच मीं त्यांना पगारांत दिली.”

मीं नोट दिव्याखालून काढून खिडकीशीं धरली. जलचिन्ह जागेवर, धागा जागेवर, छपाईचा उठाव बोटाला लागत होता. हें सकाळीं पाहावयाला मला कोणी अडवलें होतें? लहानपणीं आई धुतलेल्या धोतरांना टिनोपाल देत असे. त्याच जातीचें द्रव्य आतां धुण्याच्या पावडरींत असतें. सुताला तें घट्ट धरतें, आणि आपल्या नोटेचा कागद कापसाचा. तरी खातरजमा म्हणून मीं स्वतःची एक कोरी नोट पावडरीच्या पाण्यांत भिजवून वाळवली. तीहि तशीच निळी उजळली. तीस वर्षें रसायन शिकवून मीं धुण्याच्या पावडरीची साक्ष एका बाईच्या विरुद्ध लिहून घेतली होती.

शाईचें निळें द्रव्य मीं दुसऱ्याच दिवशीं सोडलें. प्रमाणपत्राच्या साध्या कागदावर तेंहि असेंच बुडालें असतें. विद्यार्थी आतां युरोपियमच्या संयुगावर काम करतो. तें तांबडें चमकतें. युरोच्या नोटांतला तांबडा प्रकाश त्याच मूलद्रव्याचा असावा, असा निष्कर्ष उट्रेख्तच्या दोघां रसायनज्ञांनीं २००२ मध्यें काढला होता. खंडाचें नांव मिरवणारें मूलद्रव्य त्याच खंडाच्या चलनांत लपवणाऱ्याचें मला कौतुक वाटतें.

मावशींना मीं दुसरी नोट देऊं लागलों आणि माफी मागितली. त्यांनीं हात पुढें केला नाहीं.

“नोट राहूं द्या, सर. तेवढं वाण्याकडे येऊन सांगा.”

भर पावसांत मी त्यांच्याबरोबर गेलों. जलचिन्ह, धागा, उठाव, सगळें वाण्याला दाखवलें. त्यानें नोट पुन्हां आपल्या दिव्याखालीं धरली, माझ्याकडे पाहिलें, आणि “सर म्हणतात म्हणून घेतों,” असें पुटपुटत ती गल्ल्यांत टाकली. मावशींनीं तांदूळ आणि साखर पिशवींत भरली. वाटेंत बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग फाटकाशीं आल्यावर म्हणाल्या,

“यापुढं कुडत्याचे खिसे आधीं तुम्हीच झाडून देत जा, सर.”